न उजाडलेल्या तारखेचा पासवर्ड

शामलाबाई सोरतेंना आमच्या प्रताप नगरात सगळे 'कंप्युटरवाल्या बाई' म्हणायचे. त्या मंगळवारनंतरही लोक म्हणत राहिले, पण बाईंनी त्या नावाला ओ देणं सोडलं.

मूळच्या त्या नागपूरजवळच्या खाप्याच्या. वडील विणकर, घरात दोन माग. मागाच्या खटखटीत वाढल्यामुळे टायपिंगच्या क्लासमध्ये डोकं कधी दुखलं नाही, असं त्या हसून सांगायच्या. मॅट्रिक झाल्यावर नागपुरात मावशीकडे राहून परीक्षा दिल्या आणि अजनीच्या बाजूला एका औषध पुरवठा संस्थेत टायपिस्ट म्हणून लागल्या. खाली मोठं गोदाम, वर ऑफिस. जिल्ह्यातले दवाखाने आणि आरोग्य केंद्रं इथून औषधं न्यायची. लग्न झालं ते रुपरावांशी. ते कापडगिरणीत मागावर होते. पुढे गिरणी बंद पडली तेव्हा रुपरावांना दम्यानं धरलं होतं, आणि दुसरीकडे कुठे काम मिळावं असं ते वयही नव्हतं. घर बाईंच्या नोकरीवर आलं.

सत्त्याऐंशी साली ऑफिसात कंप्युटर यायचं ठरलं तेव्हा युनियननं फाटकावर घोषणा दिल्या. कंप्युटर आला की माणसं घरी बसणार, असं सगळ्यांना वाटत होतं. पुण्याला शिकायला कोण जातं, असं मॅनेजर वामनराव पांढरीपांडे यांनी हॉलमध्ये उभं राहून विचारलं. माना खाली गेल्या. शामलाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी जाते, साहेब."

मागून कोणीतरी बोललं, "जा वं बाई, आमची तिरडी बांधायले दोरी घेऊन ये."

त्या गेल्या. परत आल्या तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात काचेची खोली झाली होती, तिच्यात गोदरेजच्या कपाटाएवढं मशीन होतं आणि तिथून निघालेल्या वायरी टेबलाटेबलावरच्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यांपर्यंत गेल्या होत्या. सकाळी आल्यावर जो तो आपलं नाव टाइप करायचा, मग पासवर्ड. वामनराव त्याला परवलीचा शब्द म्हणायचे. तो बरोबर असला की मशीन कामाला लागायचं. चुकला की पडदा ढिम्म.

त्याआधीच्या वर्षी गोदामातून हातानं लिहिलेल्या खोट्या चिठ्ठ्यांवर औषधांची खोकी बाहेर गेली होती. दोन माणसं कामावरून गेली, एकाची तर अजून कोर्टात तारीख पडत होती. म्हणून आता नियम पक्का होता. मशीननं छापलेलं चलान असल्याशिवाय फाटकातून एक बाटलीसुद्धा हलणार नाही. ऑडिटवाल्यांनी वर आणखी एक पाचर मारली. पासवर्ड जुना झाला की मशीननं तो आपोआप बाद करायचा आणि माणसाला नवा घ्यायला लावायचा. नवा घेतल्यावर निदान दोन आठवडे तो बदलता येणार नाही, नाहीतर लोक लगेच फिरून जुनाच लावतात. यातून कोणाला सूट नाही, मशीनच्या मुख्य पासवर्डलासुद्धा नाही. पुण्याच्या पटवर्धन इंजिनिअरनं सांगितलं तसं शामलाबाईंनी स्वतःच्या हातानं हे सगळं मशीनमध्ये बसवलं होतं.

वर्षभर सगळं नीट चाललं. हॉलमधली टवाळी थांबली नाही, पण हळू झाली. कंप्युटरची पक्की जागा निघाली तेव्हा वामनरावांनी बाईंचं नाव सुचवलं आणि तीनचार पुरुषांनी त्यावर हरकत घेतली. बायामाणसाच्या हाती एवढं मोठं काम देऊ नये, उद्या काही झालं तर कोण जबाबदार, असं त्यांचं म्हणणं होतं. तो निर्णय अजून व्हायचा होता.

अठ्ठ्याऐंशीचा ऑगस्ट. अकरा तारखेला दुपारी लाइट गेली. बॅटरीवर मशीन थोडा वेळ तगायचं, तेवढ्यात शामलाबाईंनी ते रीतसर बंद केलं. लाइट आल्यावर चालू केलं तेव्हा मशीननं नेहमीसारखी आधी तारीख विचारली. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. मशीनला आधी महिना लागतो. बाईंना हे चांगलं माहीत होतं. पण हॉलमधून चारजण एकदम ओरडत होते, "बाई, झालं का? बाई, काम खोळंबून राहिलं!" त्या घाईत त्यांनी अकरा-आठ टाइप केलं. मशीननं ते नोव्हेंबरची आठ तारीख असं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधल्या प्रत्येक पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य आलं. तुमचा पासवर्ड जुना झाला आहे, नवा निवडा. मशीनच्या हिशेबानं मध्ये तीन महिने उलटले होते ना! लोकांनी कुरकुर केली आणि नवे पासवर्ड घेतले. मुख्य पासवर्डही बाईंना बदलावा लागला. नेहमीचंच आहे, असं समजून कोणी विचार केला नाही.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची प्रेमिला एक चलान घेऊन आली. ही बाईंपेक्षा लहान, अबोल, आणि बाईंनीच तिला पडद्यावरचं काम शिकवलेलं. "बाई, यावर नोव्हेंबर काहून आला?"

बाईंनी पाहिलं आणि गुरुवारी घाईत टाइप केलेलं अकरा-आठ त्यांना आठवलं. दोन दिवस चुकीच्या तारखेची चलानं बाहेर गेली होती. हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. वामनराव टोपी घालून निघाले होते. त्यांना हाक मारावी असं बाईंच्या मनात आलं, पण लगेच ती हरकत घेणारी तोंडं डोळ्यांपुढं आली. "शाईचा घोळ असेल, मी बघते," असं प्रेमिलाला सांगून त्या काचेच्या खोलीत गेल्या, मशीनची तारीख मागे आणून तेरा ऑगस्ट केली, दिवा मालवला आणि घरी गेल्या. रविवार सुट्टीचा आणि सोमवारी पंधरा ऑगस्ट. मंगळवारी लवकर येऊन चुकीची चलानं बदलून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं.

मंगळवारी त्या पोचल्या तेव्हा फाटकापाशी आरोग्य केंद्राची जीप उभी होती. उमरेडच्याही पलीकडे धामणखेडी म्हणून गाव आहे, तिथून कंपाउंडर बाबाराव आले होते. दाढी वाढलेली, शर्टावर वांतीचे डाग. गावात विहिरीचं पाणी बिघडलं होतं आणि रविवारपासून माणसं हगवण-ओकारीनं पडत होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून त्यांना झोपवलं होतं.

"सलाईन संपून राहिली, बाई," बाबाराव डॉक्टरांचं पत्र पुढं करून म्हणाले. "काल झेंड्याची सुट्टी, तुमचं फाटक बंद. रातभर आम्ही मीठ-साखरेच्या पान्यावर काढली. लवकर द्या जी."

"बसा बाबाराव, आत्ता चलान काढून देते."

बाईंनी नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला. पडद्यावर अक्षरं आली: तुमचा पासवर्ड जुना झाला आहे, नवा निवडा.

परवाच तर बदलला, असं पुटपुटत बाईंनी नवा टाकला. खाली दुसरी ओळ आली: क्षमा करा, मागच्या बदलाला अजून दोन आठवडे झालेले नाहीत. आणि पडदा पुन्हा पहिल्यासारखा कोरा. नाव विचारत उभा.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. जुना आहे म्हणून बदला, आणि एवढ्यात बदलता येत नाही म्हणून बदलू नका. प्रेमिलाच्या पडद्यावर तेच, बाकीच्या टेबलांवर तेच. बाई काचेच्या खोलीत धावल्या आणि मुख्य पासवर्ड लावून पाहिला. मशीननं त्यांनाही तसंच परत पाठवलं.

एव्हाना हॉल गोळा झाला होता. कोणी म्हणालं, "व्हायरस का काय म्हणतात, तो शिरला." कोणी म्हणालं, "हे असंच होणार होतं बाप्पा." ज्याला येईल तो आपापल्या टेबलावर बोटं आपटून पाहत होता. नवा पासवर्ड लहान झाला असेल म्हणून मोठा केला, आकडा घातला, आकडा काढला. जे काही पटवर्धननं शिकवलं होतं ते बाईंनी एकेक करून पाहिलं. हॉलमधल्या वायरी काढून पुन्हा लावल्या, पडदे बंद करून चालू केले. शनिवारची संध्याकाळ त्यांच्या मनाच्या दारात येऊन उभी होती, पण त्या तिला आत घेत नव्हत्या. तारखेचा आणि पासवर्डचा काय संबंध, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या.

वामनराव आले. शिस्तीचा, सौम्य माणूस. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुण्याला अर्जंट ट्रंक कॉल लावायला सांगितला. कॉल लागेपर्यंत बाबाराव त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, हातानं लिहून द्या नं. मी सही करतो, अंगठा देतो, का पायजे ते करतो."

"बाबाराव, मागं हातानंच लिहून दिलं म्हणून दोघं घरी बसले. अध्यक्षांचा लेखी हुकूम आहे, आणि अध्यक्ष दिल्लीला. मी कोणाला विचारू?"

"तिकडं माणसं मरून राहिले साहेब!"

"मला कळत नाही का?" वामनरावांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली बसला. "कॉल लागू द्या. पाच मिनिटांचं काम असेल ते."

कॉल लागायला तासभर गेला. रिसीव्हर बाईंच्या हातात दिला. वामनराव कोपराशी उभे, त्यांच्यामागे अर्धा हॉल. तिकडून पटवर्धनचा आवाज खरखरीतून येत होता. बाईंनी पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवल्या.

"बाई, मशीनची तारीख कोणी बदलली का? पुढं-मागं काही?"

वामनराव त्यांच्याकडे पाहत होते. ज्यांनी हरकत घेतली होती तेही पाहत होते. बंद गिरणी, रुपरावांची खाट, औषधाच्या बाटल्या, सगळं एका क्षणात आलं आणि गेलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"हो. कोणी हात लावला नाही."

"मग मला इथून सांगता येणार नाही. बहुतेक आतली फाइल बिघडली. गुरुवारी गाडीनं येतो. तोपर्यंत एक करा, मशीनची लाइट खटक्यावरून तोडू नका. आत शिरता येत नाही म्हणजे रीतसर बंद करता येणार नाही, आणि तशीच तोडली तर डिस्क जाईल. साठ्याचा सगळा हिशेब, सगळ्या नोंदी, सगळं जाईल. समजलं?"

फोन कट झाला.

गुरुवार. बाबारावांनी हा शब्द ऐकला आणि ते पायरीवरच बसले. दोन्ही हातांनी डोकं दाबून म्हणाले, "डॉक्टरसाहेबानं मले बजावलं होतं, बाबाराव, दुपारच्या आत ये. म्हातारेकोतारे तग धरत नाही म्हने." ते कोणाशी बोलत होते कोणास ठाऊक.

शामलाबाई काचेच्या खोलीत जाऊन बसल्या. आत गारवा, मशीनचा एकसुरी आवाज, बाहेर हॉलमध्ये हलणारी तोंडं. आता शनिवारला अडवून धरण्यात अर्थ नव्हता. त्यांनी बोटांवर मोजत जुळवलं. पासवर्ड बदलले तेव्हा मशीनच्या मते नोव्हेंबर होता. आता मशीनच्या मते ऑगस्ट आहे. म्हणजे मशीनच्या लेखी हे पासवर्ड अजून न उजाडलेल्या दिवशी घेतलेले. असा दिवस त्याच्या नियमात बसत नाही म्हणून ते बाद, आणि तो दिवसच आलेला नाही तर दोन आठवडे व्हायचे कसे, म्हणून बदलताही येत नाही. हे सगळं तारखेमुळं झालं होतं, आणि तारीख त्यांनी बदलली होती. दोनदा.

पटवर्धननं बरोबर तेच विचारलं होतं. खरं सांगितलं असतं तर उपाय तेव्हाच मिळाला असता.

तरी त्या उठल्या नाहीत. ही गोष्ट त्या आम्हाला सांगायच्या तेव्हा इथं नेहमी थांबायच्या. "मी किती वेळ बसून राहिले ते मला माहीत नाही," म्हणायच्या. "मला वाटत होतं, दुसरं काहीतरी होईल. लाइट जाईल. आपोआप चालू होईल. मी देवाला म्हणून राहिली होती, लाइट जाऊ दे." नागपूरची लाइट रोज जायची, त्या दिवशी मात्र गेली नाही.

शेवटी काचेवर टकटक झाली. प्रेमिला होती. आत येऊन तिनं दार लावलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, तो नोव्हेंबर शाईचा नव्हता नं?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं. प्रेमिलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण नजर काढून घेतली नाही. "मी नाही सांगत कोनाले," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. तो माणूस पायरीवर बसला आहे वं माय."

बाई उठल्या, डोळे पदरानं पुसले आणि सरळ वामनरावांच्या टेबलापाशी गेल्या. सगळ्यांसमोर बोलल्या. गुरुवारी काय केलं, शनिवारी काय केलं, फोनवर काय खोटं बोलल्या. आवाज कापत होता पण थांबल्या नाहीत. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसतील याची एवढी भीती धरली होती, आणि कोणी हसलंच नाही.

वामनराव खुर्चीतून उठले. "शामलाबाई," एवढंच म्हणाले. मग ट्रंक कॉलवाल्यांना पुन्हा फोन, पुन्हा विनवण्या. या वेळी लवकर लागला. पटवर्धननं ऐकून घेतलं आणि तिकडं काहीतरी टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

"मग एकच रस्ता आहे. मशीन उठताना तारीख आधी विचारतं, पासवर्ड नंतर. लाइट तोडा, चालू करा, आणि त्याला डिसेंबरची तारीख सांगा. मग ते पासवर्ड त्याला मागच्या महिन्यातले वाटतील, लोक आत जातील. पण तोडल्यावर डिस्क राहील की जाईल हे मी सांगू शकत नाही. माझ्या नावावर हे करू नका. तुमच्या मॅनेजरला विचारा."

बाईंनी विचारलं. वामनराव खिडकीबाहेर बघत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "माझ्या तोंडून ते वदवून घेऊ नका," म्हणाले.

बाई काचेच्या खोलीत गेल्या. खटका जाडजूड, लाल, भिंतीवर. ज्या मशीनसाठी त्या एकट्या पुण्याला गेल्या, ज्याच्यापायी टोमणे ऐकले, रोज सकाळी ज्याच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली, त्याची लाइट त्यांनी तोडली. खोली एकदम मुकी झाली.

थोडं थांबून खटका वर केला. मशीननं घरघर करून तारीख विचारली. बाईंनी आधी महिना, मग दिवस, असं तोंडानं म्हणत डिसेंबर टाइप केला. पण पासवर्ड विचारण्याऐवजी पडद्यावर नवीनच ओळ आली. मशीनला कळलं होतं की आपल्याला दगा देऊन बंद केलं. आता ते डिस्कचा एकेक कोपरा तपासणार होतं. आकडे सरकू लागले. एक आकडा, मग बराच वेळानं दुसरा. संध्याकाळपर्यंत ते संपणार नव्हते, आणि संपल्यावर काय निघेल तेही माहीत नव्हतं.

दारात बाबाराव उभे होते. "झालं का, बाई?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. बाबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि जिना उतरायला लागले.

तेव्हा शामलाबाईंनी एक कोरा कागद ओढला. डॉक्टरांच्या पत्रात जेवढी मागणी होती तेवढी लिहिली, खाली आपली सही केली आणि बाबारावांच्या मागे धावत गोदामाच्या फाटकाशी गेल्या. तिथं चौकीदार कवडू होता. कुलपाची किल्ली त्याच्या कमरेला.

कवडूनं चिठ्ठी उलटसुलट पाहिली. "बाई, ही मशीनीची नाही."

"नाही. माझी आहे."

"तुमची सही चालत नाही जी. दोन सालामागं याच्यातच माझ्या हाताखालचा माणूस कामावरून गेला. मले चार लेकरं आहेत." तो ओशाळून म्हणाला. "मी तुमच्या पाया पडतो, पण मले हे नका सांगू."

"कवडू, मी चुकले. मशीन माझ्यामुळं बंद आहे. नोकरी माझी जाईल, तुझी नाही. मी लिहून देते."

"तुमच्या लिहिल्यानं काय होते वं बाई?" कवडू जवळजवळ रडवेला झाला. "साहेबाले आना."

साहेब मागेच उभे होते. कधी खाली आले ते कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी घेतली, कवडूच्या स्टुलावर ठेवली, खिशातलं पेन काढलं. पेन उघडताना एक शाईचा थेंब कागदावर पडला. त्यांनी बाईंच्या सहीखाली आपली सही केली. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "हे मी सकाळीच करायला पाहिजे होतं."

कवडूनं कुलूप काढलं. हॉलमधली माणसं खाली उतरली, युनियनवालेसुद्धा, आणि हातोहात खोकी जीपमध्ये गेली. बाबारावांनी कोणाचे आभार मानले नाहीत. तेवढा वेळ नव्हता. जीप उमरेडच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

मशीन संध्याकाळी उठलं. जुलैपासूनच्या बऱ्याच नोंदी गेल्या होत्या, बाकीच्या वाचल्या. डिसेंबर समजून त्यानं सगळ्यांचे पासवर्ड निमूट घेतले. गुरुवारी पटवर्धन आला आणि त्यानं सगळं सरळ केलं. जाताना तो बाईंशी चार शब्द बोलायला थांबला होता, पण बाई समोर आल्या नाहीत.

शुक्रवारी बाबाराव पुढची औषधं न्यायला आले. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"बाबाराव, खरं सांगा. कोणी गेलं का?"

बाबारावांनी टाळलं. "बरेच वाचले, बाई. तुमच्या सलाईननं वाचले."

"मी ते नाही विचारलं."

"एक म्हातारा सोमवारच्या रातीलेच गेला," ते जिन्याकडे बघत म्हणाले. "त्याचं काही तुमच्याकडं नाही. आन मंगळवारी एक बाई. वच्छला नाव. दुपारी गेली. जीप गावात शिरली तवा तिले बाहेर काढून राहिले होते."

चौकशी झाली. बाईंनी सगळं कबूल केलं, त्यामुळे ती लांबली नाही. नोकरी राहिली, कारण वामनरावांनी सगळा दोष एकट्या बाईंवर जाऊ दिला नाही. त्यांना स्वतःलाही ठपका आला आणि तो घेऊनच ते निवृत्त झाले. कंप्युटरची जागा प्रेमिलाला मिळाली. शामलाबाईंना टपाल फोडण्याच्या टेबलावर बसवलं.

रुपराव तसे अबोल. पण त्या दिवसांत रोज बाई ताटावरून अर्ध्या जेवणात उठायच्या तेव्हा एकदा म्हणाले, "तू असं किती दिवस करशील? जाऊन ये त्या गावाले. काय म्हणतील ते ऐकून ये. घरात बसून तर तू मरून राहिली."

पोळा झाल्यावर एका रविवारी बाई उमरेडच्या बसनं निघाल्या, पुढं दुसरी बस धरली. धामणखेडीत वच्छलेच्या घरी तिची सासू होती, पंचफुला. अंगणात हरभऱ्याची डाळ वाळत घातली होती, तिच्यावरची पाखरं हाकत ती बसली होती. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. मग जे झालं ते, हॉलमध्ये सांगितलं होतं तसंच, पहिल्यापासून सांगितलं. म्हातारी डाळीकडे बघत ऐकत होती. पाखरं आली की हात मात्र हलायचा.

बाईंचं संपल्यावर ती म्हणाली, "मले त्या मशीनीचं काही समजत नाही, माय. एक सांग. तू सकाळी खरं बोलली असती तं गाडी कवा आली असती?"

शामलाबाईंना खोटं बोलता आलं असतं. "जेवणाच्या आधी," त्या म्हणाल्या.

म्हातारीनं डाळीत हात फिरवला. "जेवणाच्या टायमाले ती बोलून राहिली होती," ती म्हणाली. "मले पानी मागितलं तिनं."

तिनं शिव्या दिल्या नाहीत, जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. बाई तिथं उभ्याच राहिल्या. शेवटी ऊन सरकलं तशी म्हातारी डाळ गोळा करायला उठली. तिचा गुडघा धरला होता, सूप उचलता येईना. बाईंनी खाली बसून डाळ भरली, सूप घरात नेऊन ठेवलं. म्हातारीनं ते करू दिलं. बाई निघाल्या तेव्हा तिनं आतून कडी लावल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

परतीच्या बसमध्ये त्यांना जागा मिळाली, तरी त्या नागपूरपर्यंत दांडीला धरून उभ्याच होत्या. स्टँडवर रुपराव आले होते, दम लागत होता तरी आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. दोघं प्रताप नगरापर्यंत रिक्षानं आले, आणि घरी आल्यावर बाईंनी चूल पेटवून भाकरी टाकल्या. त्या दिवशी दोघंही जेवले.